अक्काची निर्जळी

अक्का, परवा तुझा तेरावा झाला. आता तुला उलट उत्तर देता येत नाही, तेव्हा सुरुवातीलाच एक काम उरकून घेते. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून मी तुला 'अहो अक्का' म्हणत आले. थोरल्या जावेला तसंच म्हणायचं असतं. पण अहो-जाहो करून धड भांडता येत नाही. तू 'ए सुमे' म्हणून सणकन बोलायचीस, आणि मी मनातला राग आदराच्या शब्दांत बसवेपर्यंत तू परात घेऊन पाठ फिरवलेली असायचीस. म्हणून आज अगं-तुगं. पटत नसेल तर ऊठ आणि तसं सांग.

तेराव्याला गंगापूरकडची सगळी भावकी आली होती. ज्यानं त्यानं तुझ्या हाताच्या चवीचं कौतुक केलं. अन्नपूर्णा गेली, म्हणाले. जुनी माणसं गेली, जुनी चव गेली, म्हणाले. मी पंगतीत लापशी वाढत फिरत होते. हातात वाढायचं भांडं असलं की तोंडाला थोडा वेळ तरी आवर बसतो. नाहीतर मी आमटी यायच्या आधीच सांगून टाकणार होते, की जुनी चव कुठं गेलेली नाही. ती याच शहरात राहते, तिचे गुडघे दुखतात आणि तिचं नाव कमल आहे.

'हा येसर कमलचा.' एवढंच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. चार माणसांत, मोठ्यानं. त्यासाठी मी तुझ्याशी अर्धा संसार भांडले. तू गेलीस, पण ते वाक्य काही तुझ्या तोंडून निघालं नाही.

येसर तूच मला शिकवलास, हे मी नाकारत नाही. मी सासरी आले तेव्हा मला फक्त गोडं वरण यायचं. पहिल्याच उन्हाळ्यात गंगापूरच्या घरी तू मला चुलीपुढं बसवलंस. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, खोबरं, मिरी, लवंग. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, मग सगळं एकत्र दळायचं. ते पीठ डब्यात भरून ठेवलं की वर्षभराची निश्चिंती. पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी झाली, आणि आपल्याकडं लग्नाची पंगत त्या आमटीशिवाय बसत नाही. मी डाळीचा रंग निरखत होते तर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "डोळ्यानं काय भाजतीस? नाकानं भाज." आजही मी नाकानंच भाजते. डाळ जरा पुढं गेली तर मला दुसऱ्या खोलीत कळतं.

मग वाळूजला कारखाने उभे राहिले. आपले नवरे, सख्खे भाऊ, शेतीचा तुकडा चुलत्याच्या हवाली करून तिकडं कामाला लागले आणि आपण छावणीत दोन पत्र्याच्या खोल्यांत येऊन पडलो. आजूबाजूला सगळी कारखान्यातली पोरं. सिल्लोडची, वैजापूरची, पैठणची, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारी, शिफ्ट संपली की चहात पाव बुडवून झोपणारी. त्यांचे डबे करायची कल्पना तुझी. हेही मी नाकारत नाही. "आपल्या घरचं अन्न इकायचं?" म्हणून भावजी रुसून बसले, तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "तुम्ही मशिनीवर हात इकता, मी आमटी इकते." भावजी मुकाट्यानं रॉकेल आणायला गेले. त्या दिवशी तू मला फार आवडली होतीस.

डब्यांनी आपला स्वयंपाक बदलला. जातं गावी राहिलं, गिरणी आली. करडईच्या तेलाची जागा रेशनच्या पामतेलानं घेतली. टोमॅटो आला, कुकर आला, पाकिटातला मसाला आला. तू प्रत्येकावर नाक मुरडलंस आणि प्रत्येकाला आत घेतलंस. मी आमटीत सोयाबीनच्या वड्या घातल्या तेव्हा मात्र झाकण उघडून म्हणालीस, "हे काय, चपलाचे तुकडे?" वड्या खरंच वाईट लागत होत्या. त्या भांडणात तू बरोबर होतीस, ते तुला देऊन टाकते. पण वांग्यात पावभाजीचा मसाला घातला त्या भांडणात मी बरोबर होते. पोरांनी डबे चाटून पुसून परत पाठवले. तू आठवडाभर म्हणत राहिलीस, की पोरं उपाशी असतील म्हणून.

फक्त येसराला हात लावायचा नाही. तो गंगापूरहून एस.टी.नं यायचा, आपल्या शेतातल्या गव्हाचा, तिथंच भाजून दळलेला. "तेल बदललं तर बदललं. येसर मूळ पाहिजे." मूळ हा तुझा लाडका शब्द. एकदा माझ्या थोरलीच्या शाळेच्या पुस्तकात निघालं, की मिरची आपल्याकडची नाही, ती पार समुद्रापलीकडून आली. मी तुला मुद्दाम वाचून दाखवलं. म्हटलं, अक्का, मग मिरची यायच्या आधी तुमचं मूळ काय होतं? तू शांतपणे मिरचीचे देठ खुडत राहिलीस. "पुस्तकात काय बी लिहितेत," म्हणालीस. ते भांडण तसंच राहिलं.

त्याच वर्षांत शहरात विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटलेला होता. मोर्चे, बंद, दगडफेक, एस.टी.च्या फुटलेल्या काचा. रस्त्यावर दोन बाजू होत्या, आपल्या घरात तुझ्या निकालानं एकच उरली होती. "मूळ नाव हाय ते राहू द्या की. नाव बदलून कुणाचं पोट भरतंय?" खरं सांगते, मला तेव्हा नामांतरातलं फारसं कळत नव्हतं. मला आमटीतलं कळत होतं. पण तू मूळ म्हणालीस की येसराबद्दल बोलतेस की विद्यापीठाबद्दल, हे मला कधीकधी समजायचं नाही.

कमल मला गिरणीत भेटली. तिचा नवरा आणि माझा नवरा कारखान्यात एकाच शिफ्टला. आपण मराठे, ती बौद्ध, सिल्लोडकडच्या एका खेड्यातली. नामांतराच्या पहिल्या दंगलीत तिच्या गावातली वस्ती जाळली गेली, तेव्हा आईबापांबरोबर शहरात आली. हे तिनं मला पुष्कळ उशिरा सांगितलं, तेही ज्वारी निवडता निवडता, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. तू मला गिरणीत पाठवताना एक सूचना न चुकता द्यायचीस. "त्यांच्या दळणामागं आपलं दळण घालू नको. मधी दुसऱ्या कुणाचं तरी जाऊ दे." मी हटकून तिच्या मागं डबा ठेवायचे. तू किती भाकरी तिच्या दळणामागच्या पिठाच्या खाल्ल्यास, अक्का, याचा हिशेब तुझ्या देवालाच ठाऊक. तुला चवीत कधी काही वेगळं लागलं नाही.

मग तो मोठा बंद आला. दुकानं उघडेनात, गंगापूरची गाडी सुटेना आणि येसराच्या डब्यात चमचा तळाला लागला. कारखाने मात्र चालू होते, आणि पोरांना भूक लागायची ती लागतच होती. तू नुसत्या हळद-तिखटावर आमटी करायला निघालीस. मी मागच्या गल्लीतून कमलकडं गेले. तिनं स्टीलच्या डब्यात येसर दाबून दाबून भरून दिला. रंग आपल्यापेक्षा काळपट होता. वास घेतला तर आत काहीतरी गोडसर.

"गहू नाय का ह्यात?" मी विचारलं.

"गहू कुणाच्या घरी व्हता?" ती म्हणाली. "मायला मजुरीत मका मिळायचा. मका लई खरपूस भाजायचा, आन् खोबऱ्याच्या जागी कारळं. आमच्यात येसर असाच."

आमच्यात येसर असाच. तुझ्या लेखी मका म्हणजे अडचणीतली तडजोड. तिच्या लेखी तेच मूळ होतं, आईनं शिकवलेलं.

आमटी मी केली. पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाटायची तुझी सवय. चाटलीस. पुन्हा घेतलीस. मी स्टोव्हपाशी उभी होते, मला दिसत होतं, तुझे डोळे भरून आले होते. नाही म्हणू नकोस.

"ही तर आत्याबाईंच्या हातची," तू म्हणालीस. आत्याबाई म्हणजे आपल्या सासूबाई, मी यायच्या आधीच गेलेल्या. "त्या गेल्यापासून ही चव लागली नव्हती मला. कुठून आणलास गं येसर? तुझ्या माहेरचा व्हय?"

मी सांगितलं, कमलकडचा.

तू पातेलं उचललंस आणि मोरीत ओतलंस. डब्यांची, घरची, सगळी आमटी. मग पातेलं राखेनं घासलंस, पळी घासलीस, आणि ज्या तळहातावर चाटली होतीस तो तळहात घासलास. राख लावून, लाल होईस्तोवर. त्या दिवशी पोरांच्या डब्यांत भाकरी आणि चटणी गेली. एक जण विचारायला आला, तर तू दारातूनच सांगितलंस, "आमटी नासली."

मी म्हटलं, "अक्का, आत्याबाईंची चव हीच होती तर त्यांच्याकडं मका कुठून आला, ते कधी विचारलंत का?" तू मला मारायला हात उचललास. हाताला राख होती म्हणून तसाच खाली घेतलास. मला अजून वाटतं, मारलं असतंस तर बरं झालं असतं. निदान तो हात माझ्या गालावर पुसला गेला असता.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात गावी जाताना तू छावणीच्या बाजारातून मका घेतलास. "मका कशाला?" "कोंबड्यांना." आपल्या गावच्या घरात कोंबड्या नव्हत्या, अक्का. त्या उन्हाळ्यात आलेला येसर काळपट होता. झाकण निघायच्या आधीच मला वास आला. नाकानं भाजायला तूच शिकवलंस, मग त्याच नाकापासून काय लपवणार होतीस?

"हा कमलचा येसर," मी म्हटलं.

"हा आपल्या घरचा मूळ येसर हाय. आत्याबाई असाच करायच्या. मधी माझ्याकडून सुटला व्हता."

मधी सुटला व्हता! मला इतका संताप आला की हसूच फुटलं. पोरं त्या आमटीवर तुटून पडली. डबे वाढले, खोल्या बदलल्या, पत्रा जाऊन स्लॅब आला. तिकडं इतक्या वर्षांचा नावाचा वाद मिटला, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या दिवशी कमलनं गल्लीत पेढे वाटले. माझ्या हातावर दोन ठेवले, एक माझा, एक तुझा. तुझा पेढा तू तुळशीच्या कुंडीत ठेवलास. "मला गोड चालत नाय," म्हणालीस. संध्याकाळी चहात मात्र नेहमीसारखी साखर घातलीस. पेढा मुंग्यांनी नेला.

मग तुझा राजू मोठा झाला आणि त्यानं येसराच्या पुड्या काढल्या. पुडीवर तुझा फोटो, डोक्यावर पदर, खाली 'अक्कांचा घरगुती येसर, मूळ मराठवाडी चव'. मी पुडी घेऊन तुझ्यापुढं उभी राहिले. "एवढ्या मोठ्या पुडीवर एक नाव मावत नव्हतं का?"

तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "नाव टाकलं तर लोक घेतील का?"

तेवढं एकदाच तू खरं बोललीस. बाकी सगळा वेळ आत्याबाई, घराणं आणि मूळ. त्या एका दिवशी सरळ बोललीस. राजूकडं विषय काढला तर तो म्हणाला, "काकू, आता ब्रँड झालाय." झाला असेल. शहराचंही नाव बदललं. तेव्हा तुझी जीभ एका दिवसात वळली. दूधवाल्यानं जुनं नाव घेतलं तर तू त्याला दुरुस्त केलंस. म्हणजे नावं बदलता येतात, मूळ-बिळ काही आड येत नाही, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

आता हे लिहिताना मला माझ्या धाकटीचा जन्म आठवतो, आणि तो नेमका आत्ताच आठवला म्हणून माझा मलाच राग येतो. दुसरीही मुलगीच झाली म्हणून भावकीतल्या बायका बाजेभोवती तोंडं पाडून बसल्या होत्या. तू डिंकाच्या लाडवांचा डबा दाणकन खाली ठेवलास. "तोंडं पाडायची तर आपापल्या घरी जाऊन पाडा. इथं बाळंतीण हाय." बायका उठून गेल्या. सगळं बाळंतपण होईपर्यंत तू मला स्टोव्हकडं फिरकू दिलं नाहीस. अळिवाची खीर स्वतःच्या हातानं भरवलीस, मी नको म्हटलं तर दटावून. बारशाला भावजी कुठलंसं नाव सुचवायला लागले तर त्यांना गप्प केलंस. "सुमी ठेवील ते नाव." माझ्या आईनं माझं केलं नसतं इतकं तू त्या दिवसांत केलंस. तेच तर मला सोडवत नाही. इतकं करणाऱ्या बाईला दुसऱ्या एका बाईचं नाव घ्यायला काय होत होतं?

शेवटी शेवटी तुझ्या तोंडाची चव गेली. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. तू आमटी मागणार हे मला माहीत होतं, म्हणून मी ती सकाळीच करून ठेवली होती. वास तुझ्या खोलीत भरला होता.

"सुमे, येसराची आमटी दे. पातळ."

"कुणाच्या येसराची?"

"आपल्या."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

तू माझ्याकडं बघितलंस. अंगात काही उरलं नव्हतं, पण नजर तीच. मी म्हटलं, "अक्का, खोलीत कुणी नाय. राजू नाय, भावकी नाय. एकदा म्हणा, कमलचा. लगेच वाढते."

तू भिंतीकडं तोंड केलंस. "राहू दे मग. वरणभात दे."

मी वरणभात दिला. तू दोन घास खाल्लेस आणि ताट सरकवलंस. आमटी मीच खाल्ली, तुझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसून. लोक म्हणतील, मरायला टेकलेल्या बाईशी कुणी असं वागतं का. म्हणू देत. मला पश्चात्ताप नाही. मी तुला उपाशी ठेवलं नाही, तू आपण होऊन राहिलीस. एका नावापेक्षा तुला उपास जवळचा वाटला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी राजू म्हणाला, "काकू, आईच्याच चवीची आमटी पाहिजे उद्या." मी थोडी करून बघितली, डब्यात भरली आणि रिक्षानं कमलकडं गेले. तिला जेवायला बोलवायचं होतं आणि चवही दाखवायची होती. मनाशी पक्कं ठरवलं होतं. तिला पंगतीत पहिल्या पानावर बसवायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं, हा येसर हिचा. तू बोलली नाहीस तर मी बोलेन.

कमलनं दार उघडलं, माझ्या हातातला डबा बघितला आणि हसायला लागली.

"तूबी डबाच घेऊन आलीस व्हय?"

"तूबी म्हणजे?"

"अक्का यायच्या की. दर उन्हाळ्यात. नवा येसर दळला की रिक्षा करून यायच्या. तुला ठावं नाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या ओट्यावर बसकण मारली. तिनं सांगितलं ते असं. तू यायचीस आणि ओट्याच्या खाली उभी राहायचीस. पायरी चढायची नाहीस. डबा पुढं करून म्हणायचीस, "चव बघ." कमल तळहातावर आमटी घेऊन चाटायची, अगदी तुझ्यासारखी, आणि सांगायची, अक्का, मका कमी भाजलाय. नाहीतर, कारळं जास्त झालं. तू ऐकून घ्यायचीस. पुढच्या खेपेला दुरुस्त करून आणायचीस. जिनं जन्मात माझं एक ऐकलं नाही, ती पायरीखाली उन्हात उभी राहून निमूटपणे ऐकून घ्यायची! पुडीवर फोटो छापल्यावरही यायचीस म्हणे.

"मग?"

"मग काय, मी पाणी आणायची. एवढ्या उन्हाची आलेली बाई. तांब्या पुढं केला की म्हणायच्या, 'नको गं, आज निर्जळी हाय माझी.'"

"कसली निर्जळी?"

"दरसाल निर्जळी. कधी सोमवारी, कधी बुधवारी. मी एकदा कॅलेंडर बघितलं. आमच्यात एकादशी नाय, पण कॅलेंडर हाय की."

ती सांगताना हसत होती. मला हसू येईना. मी म्हटलं, "कमल, उद्या मी पंगतीत तुझं नाव घेणार आहे. राजूला पुडीवरबी टाकायला लावते."

तिनं डबा उघडला, आमटी चाटली, मान हलवली. "जमलीय," म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत लावत बोलली, "नावाची किंमत मला ठावं हाय, सुमन. त्यापायी आमची वस्ती जळाली. पण ते नाव सगळ्यांचं व्हतं. येसरावर माझं नाव नसलं तरी चाललं असतं. अक्कांनी घोटभर पाणी प्यायला पाहिजे व्हतं."

इतकी वर्षं मी नावासाठी भांडत राहिले आणि तू तिच्या दारात तहानलेली उभी राहून परत जात होतीस. मला कळलं असतं तर मी नावाचं भांडण बाजूला ठेवून पाण्याचं काढलं असतं. दंडाला धरून तुला तिच्या माठापाशी नेलं असतं. म्हणूनच तू मला कळू दिलं नाहीस.

तेराव्याला कमल आली. तुझ्या फोटोपुढं हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मी तिला पहिल्या पानावर बसवलं आणि पंगत बसल्यावर मोठ्यानं सांगितलं, "ही आमटी अक्कांनी हिच्याकडून उचललेली आहे. हा येसर कमलचा."

काय झालं सांगू? काही झालं नाही. दोन-चार माना वर झाल्या. गंगापूरचे थोरले चुलते म्हणाले, "असंल, असंल," आणि वाटी पुढं केली. "वाढ अजून." ज्या वाक्याला तू जन्मभर भ्यालीस, त्यानं पंगतीतलं एक पान जागचं हललं नाही.

मग मी कमलच्या वाटीत आमटी वाढायला वाकले. तिनं वाटीवर तळहात आडवा धरला.

"नको, सुमन. आज निर्जळी हाय माझी."

मंगळवार होता. कॅलेंडरात काही नव्हतं. ती माझ्याशी बोलली, पण बघत होती तुझ्या फोटोकडं. पाण्याच्या पेल्यालाही तिनं बोट लावलं नाही. पंगत उठेपर्यंत रिकाम्या पानावर ताठ बसून राहिली आणि मग चपला घालून गेली. राजू म्हणाला, "बघा, केवढी भाविक बाई."

तुझ्या फोटोपुढं ताट वाढलेलं होतं. लापशी, आमटीची वाटी, शेजारी पाण्याचा तांब्या. गेलेल्या माणसापुढं पाणी ठेवतातच. मी ताट तसंच राहू दिलं, तांब्या उचलला आणि मोरीत पालथा केला.

"काकू, पाणी का उचललं?" राजूनं विचारलं.

"तुझ्या आईची निर्जळी आहे," मी म्हटलं.

कमल या घरात जेवेल त्या दिवशी तांब्या भरून ठेवीन, अक्का. तोवर तशीच राहा.